जमीनदाराच्या वाड्यात मास्तरांची चौकशी

बर्लिनला पाहुणे आले की आम्ही त्यांना पॉट्सडॅमला नेतो, सान्ससूसी महाल दाखवतो, फ्रेडरिक राजाच्या थडग्यावर लोक बटाटे का ठेवतात ते सांगतो आणि संध्याकाळी सगळ्यांचे पाय दुखत असतात. आई आली तेव्हा तेही साग्रसंगीत झालं. महाल बघून ती एवढंच म्हणाली, "एवढ्या खोल्यांचा केर कोण काढत असेल गं?" गर्दी तर अशी की सोनेरी भिंतींपेक्षा समोरच्याची सॅकच जास्त दिसते. जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्म घालवलेल्या बाईला राजेरजवाडे दाखवून काय उपयोग, असं मनात आलं आणि मी तिला रेकानला, तिथली जुनी शाळा दाखवायला, न्यायचं ठरवलं.

रेकान म्हणजे ब्रांडेनबुर्ग शहराच्या दक्षिणेला एक छोटंसं खेडं. ट्रेन तासाभरात शहरात सोडते, पुढची बस मात्र सुट्टीच्या दिवशी देवावर हवाला! थेपले स्टॉपवरच संपले.

गावात फ्रीडरिश एबरहार्ड फॉन रोखो या जमीनदाराचा बरोक शैलीतला वाडा आहे, आता तिथे म्युझियम आहे. हा माणूस १७३४ चा, खानदानी प्रशियन (प्रशिया म्हणजे तेव्हाचं इथलं जर्मन राज्य), आधी सैन्यात. १७५६ मध्ये लोबोझिट्झच्या लढाईत जखमी झाला, मग एका द्वंद्वयुद्धात हात कायमचा अधू झाला आणि १७५८ ला सैन्य सुटलं. मग इस्टेट सांभाळायला लागला. इस्टेट म्हणजे नुसती शेती नाही हं, गावातली कुळं जमिनीला बांधलेली, चर्चचा आश्रयदाता हाच, शाळेचा मालक हाच, बारीकसारीक खटल्यांचा न्यायही त्याच्याच घरचा. वाड्यातून फिरताना हे डोक्यातून जात नाही, त्यामुळे सुंदर जिने-बिने बघून मला फारसं भारावून जाता आलं नाही.

पण पुढची गोष्ट भारी आहे. १७७१-७२ ला पिकं बुडाली, साथी आल्या. रोखोने स्वतःच्या खर्चाने डॉक्टर आणला, तर लोक औषध घेईनात, वैदू-भगताकडे जात राहिले आणि मेले. एके दिवशी हा टेबलाशी वैतागून बसलेला, कागदावर जाळ्यात अडकलेला सिंह काढला, आणि त्याच्या मनात आलं की खेडुतांची बुद्धीही अशीच अंधश्रद्धेच्या जाळ्यात अडकलीय, आपण ते जाळं कुरतडणारा उंदीर झालो तर? आपण पहिली-दुसरीत वाचलेली गोष्ट हो, सिंह आणि उंदराची! त्यातून त्याने शेतकऱ्यांच्या मुलांसाठी पुस्तक लिहिलं आणि १७७३ ला रेकानची शाळा सुरू केली. प्रशियात सक्तीच्या शिक्षणाचा कायदा १७६३ पासूनच होता, पण खेड्यात मास्तर म्हणजे बऱ्याचदा एखादा शिंपी, नाहीतर निवृत्त सैनिक. इथे मास्तरला ठरलेला पगार, तोही मालकाकडून, म्हणून मुलांना फी नाही. मुलगे-मुली एकत्र, वयाप्रमाणे दोन वर्ग, आणि पाठांतर करून घेण्याऐवजी मुलांना प्रश्न विचारत शिकवायचं. नंतर क्राने आणि ग्योटिन या त्याच्या दुसऱ्या गावांतही शाळा निघाल्या.

शाळेची ती जुनी इमारत अजून आहे. आत बाकं. आई थेट पहिल्या बाकावर जाऊन बसली आणि माझ्यामार्फत तिथल्या बाईंची जी उलटतपासणी सुरू केली! पट किती होता? पगार रोख की धान्यात? दुसऱ्या वर्गाकडे बघायला मदतनीस कोण? मी भाषांतर करून दमले. दूरदूरहून लोक ही शाळा बघायला यायचे असं त्या बाई कौतुकाने सांगत होत्या, तर आई पटकन म्हणाली, "म्हणजे रोजच तपासणी! बिचारा शिकवायचा कधी?"

मास्तरचं नाव हाइनरिख युलियुस ब्रुन्स. १७७३ पासून मरेपर्यंत, म्हणजे १७९४ पर्यंत, तो याच शाळेत शिकवत होता. तो गेल्यावर रोखोने वाड्याच्या बागेत त्याचं दगडी स्मारक उभारलं. त्यावर एवढंच कोरलंय, 'तो एक शिक्षक होता'. आदर्श नाही, थोर नाही, पुढेमागे काही नाही. मी अर्थ सांगितल्यावर आईने पर्स खाली ठेवली आणि जवळ जाऊन दगडावरच्या अक्षरांवरून बोट फिरवलं, खोदाई कितपत आत गेलीय ते बघतात तसं. "जमीनदाराने लावलाय हा दगड?" तिने दोनदा विचारलं.

खरं सांगायचं तर मला इथेच जरा टोचतं. रोखोला शेतकरी शहाणा हवा होता, पण शेतकरीच राहायला हवा होता. त्याच्या पुस्तकातली पोरं प्रामाणिक, कष्टाळू, आज्ञाधारक. शिकून जमिनीचा हिशोब मागणारं पोर त्याला कितपत झेपलं असतं? तो १८०५ ला गेला आणि कुळांना बांधिलकीतून सोडणारा हुकूम १८०७ चा, तोही नेपोलियनकडून मार खाल्ल्यावर काढलेला. तरीही ज्या काळात मास्तरची किंमत गावच्या राखणदाराएवढी, त्या काळात स्वतःच्या बागेत मास्तरचं स्मारक लावणारा मालक मला वाटलं त्यापेक्षा बरा माणूस निघाला. हे मी आईला सांगितलं तर ती म्हणाली, "तू फार विचार करतेस, त्याने पगार दिला ना?"

परतीच्या ट्रेनमध्ये ती तिच्या जुन्या सहकारी बाईंशी फोनवर, अख्ख्या डब्याला ऐकू जाईल अशा आवाजात: "अगं एकवीस वर्षं एकाच शाळेत, एकही बदली नाही! मालकाचाच वशिला, दुसरं काय!"