मॅट काळ्या पावडर कोटिंगवरचे डाग काढताना

पावसाळाभर ताम्हिणीतून माणगावपर्यंत ये-जा झाली की मोटरसायकलच्या खालच्या अंगाला जे चिकटतं, ते वॉशिंग सेंटरच्या प्रेशरने निघत नाही. टाकी आणि मडगार्ड चकचकीत होऊन येतात. मागची रिम, चिमटा म्हणजे मागचं चाक धरणारा स्विंगआर्म, लेग गार्ड, कॅरियर हे सगळं मॅट काळ्या पावडर कोटिंगचं, त्यावरचे ठिपके मात्र जिथल्या तिथे. काही पांढरे, काही तपकिरी. काही तर काळ्यावर काळेच, बोट फिरवल्याशिवाय कळतसुद्धा नाहीत.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये बादली घेऊन बसलं की सल्लागार जमतातच. एकाने टूथपेस्ट सुचवली, दुसऱ्याने तारेची घासणी. तळमजल्यावरचे काका थेट संडास साफ करायच्या लिक्विडवर आले. "एका मिनिटात लख्ख होतं बघ!" होईलही. पण त्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, आणि कोटिंगचा एखादा टवका उडालेला असेल तर तिथून ते आतल्या ॲल्युमिनियमला लागतं. काकांना "बघतो" म्हणालो आणि बाटली त्यांच्याकडेच राहू दिली.

आमच्या बाल्कनीची ग्रिल भोसरीतल्या एका पावडर कोटिंगवाल्याने केली होती, त्याला फोन लावला. त्याचा पहिला प्रश्न होता, "साहेब, डाग कोटिंगच्या वर बसलाय की कोटिंगच खराब झालंय?" मग त्याने समजावलं. हा रंग वाळत नाही, भाजला जातो. कोरडी पावडर विजेच्या भाराने धातूवर चिकटवतात आणि साधारण १८० ते २०० अंशांच्या भट्टीत ती वितळून एकजीव होते. थर असतो साठ ते शंभर मायक्रॉनचा. नीट भाजलेलं कोटिंग रॉकेलला दाद देत नाही. ॲसिटोन किंवा जोरकस थिनरने मात्र नरम पडू शकतं. "भाजणी बरोबर झाली का ते आम्ही सॉल्व्हंटचा बोळा घासूनच बघतो. कच्चं असेल तर रंग बोळ्याला येतो." म्हणजे मी ज्या जातीच्या द्रवाने डाग काढणार होतो, तसल्याच द्रवाने तो माल तपासत होता.

काळे ठिपके रस्त्यावरच्या डांबराचे. त्यापासून सुरुवात केली, कारण ते सगळ्यात जास्त होते. रॉकेल हल्ली सहजी मिळत नाही, म्हणून रंगाच्या दुकानात गेलो. इथे तोंड सांभाळून मागायला लागतं. नुसतं "थिनर द्या" म्हटलं की बऱ्याचदा ते जोरकस एनसी थिनर हातात पडतं, आणि तेच नको असतं. ऑइल पेंटमध्ये घालतात ते टर्पेंटाइन मागायचं. घरी आल्यावर चिमट्याच्या आतल्या बाजूला, सहसा कोणाला दिसणार नाही अशा जागी, पांढऱ्या कापडाने थोडंसं लावून पाहिलं. कापडाला काळा रंग आला नाही, चमकही बदलली नाही. मग कापडाची घडी टर्पेंटाइनमध्ये भिजवून डांबराच्या ठिपक्यांवर नुसती ठेवून दिली. घासायची घाई केली की डांबरात अडकलेली बारीक खडी रिमवर फिरते आणि ओरखडे उठतात. थोड्या वेळाने ठिपके तपकिरी होऊन सुटायला लागले, ते कापडाच्या स्वच्छ बाजूने उचलून घेतले. पुसत नेले असते तर सगळीकडे पसरले असते.

मागच्या रिमवर चेन स्प्रेचे शिंतोडे आणि त्यात बसलेली धूळ, असा चिकट थर होता. तोही टर्पेंटाइन आणि जुन्या टूथब्रशने निघाला. त्याआधी मागच्या डिस्कवर प्लास्टिकची पिशवी बांधली होती. तेलकट थेंब डिस्कवर किंवा ब्रेक पॅडवर गेला तर ब्रेक धरत नाही, आणि ते कळतं भर रस्त्यात. शेवटी शाम्पूच्या पाण्याने सगळं धुतलं, नाहीतर तेलाचा अंश राहतो आणि त्यावर पुन्हा धूळ बसते.

पांढऱ्या ठिपक्यांना टर्पेंटाइनचा काही उपयोग नव्हता. ते आमच्या बोअरच्या पाण्याचे क्षार. गाडी धुऊन उन्हात उभी केली की पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. त्यावर साधं पांढरं व्हिनेगर, निम्मं पाणी घालून. गाडी सावलीत आणि थंड असताना ओलं कापड काही मिनिटं ठेवलं, मग भरपूर पाण्याने धुतलं आणि लगेच कोरडं केलं. शेवटचं पाणी आरओ फिल्टरचं घेतलं, नाहीतर तेच क्षार पुन्हा. व्हिनेगर नटबोल्टच्या जस्ताच्या मुलाम्याला मानवत नाही, चेनला तर नाहीच, म्हणून फवारणी टाळली.

टूथपेस्ट, पॉलिश आणि किराणा दुकानात मिळणारा तो पांढरा जादूई स्पंज यांच्याबद्दल माझं मत ठाम आहे: मॅटवर यातलं काही नको. मॅट दिसतं ते पृष्ठभागाच्या बारीक खरखरीमुळे. ती घासली गेली की डागाच्या जागी चमकदार चट्टा उमटतो, आणि तो कायमचा. ग्लॉस कोटिंगवर हलकं पॉलिश चालून जातं, ती सोय इथे नाही.

पुढच्या रिमवर ब्रेकची धूळ होती. तिच्यासाठी आयर्न रिमूव्हर मिळतं. लोखंडाच्या कणांवर ते जांभळं होतं, वाळायच्या आत धुऊन टाकायचं. काम झालं.

आता कोटिंगवाल्याचा तो प्रश्न. कॅरियर वर्षानुवर्षं उन्हात असतो. त्यावरचा करडेपणा कशानेच जाईना आणि बोट फिरवलं की पांढरट भुकटी लागे. हा डाग नव्हेच. उन्हातल्या अतिनील किरणांनी कोटिंगचा वरचा थर मोडला होता. पुसून थोडा काळेपणा परत येतो, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत. लेग गार्डच्या वेल्डिंगपाशी तपकिरी डाग होता, तिथे नख लावलं तर कोटिंगची खपलीच निघाली. आत गंज. टवक्यातून पाणी शिरून गंज कोटिंगखाली पसरत गेला होता, त्याला कुठलं लिक्विड पुरणार?

लेग गार्ड सोडवून भोसरीला नेऊन दिला. जुनं कोटिंग उतरवायचं, सँडब्लास्ट म्हणजे वाळूच्या माऱ्याने साफ करायचं आणि नव्याने भाजायचं असं ठरलं. या वेळी ग्लॉस काळा सांगितला. मॅटचा मला कंटाळा आलाय. रिमही करून घ्याव्यात का, असं विचारलं, तर तो म्हणाला, "टायर, डिस्क, बेअरिंग सगळं काढून आणा, मग बघू. बेअरिंगसकट भट्टीत घातलं तर ग्रीस वितळतं आणि सील जळतात." रिम तूर्त तशाच राहू दिल्या आहेत.