नारळाचं दूध फुटू द्या

थायलंडच्या अभ्याससहलीला जाणाऱ्या मुंबईच्या हॉटेल मॅनेजमेंटच्या मुलांना फुकेत किंवा सामुईच्या एखाद्या बड्या रिसॉर्टमध्ये अनेकदा हिरवी करी शिकवतात. तिचं नाव केंग खियाव वान. ‘वान’ म्हणजे गोड, पण इथे ‘खियाव वान’ हे मऊ, दुधाळ हिरव्या रंगाचं नाव आहे. त्यामुळे करीत साखर ओतू नका.

अशा क्लासमध्ये सगळं चिरून, मोजून छोट्या वाट्यांत मांडलेलं असतं आणि हातात फक्त पळी येते. तेवढ्यावर समाधान मानू नका. वाटण स्वतः कुटायला मागा. आणि तिखट ‘पाहुण्यांच्या बेताने’ नको, थाई माणसं खातात तसंच करा, हे आधीच सांगा.

चार जणांच्या वाटणाला १५ ते २० लहान हिरव्या मिरच्या (आपली लवंगी चालते), गवती चहाचे बुडाचे २ जाड, पांढरे दांडे, कुलंजनाचा (आल्यासारखा दिसणारा कंद, गलांगल) इंचभर तुकडा, कोथिंबिरीची ३-४ मुळं, ६ लसूण पाकळ्या, ५ सांबार कांदे (छोटे कांदे), १ मोठा चमचा धणे, १ छोटा चमचा जिरं, अर्धा छोटा चमचा पांढरी मिरी, १ छोटा चमचा मीठ आणि तेवढंच कापी, म्हणजे आंबवलेल्या कोळंबीचा गोळा. धणे-जिरं भाजून मिरीबरोबर आधी कुटा. मग मीठ घालून गवती चहा, कुलंजन आणि मुळं. मीठ इथे वाळूसारखं घासतं, म्हणून ते सुरुवातीलाच हवं. त्यानंतर मिरच्या, लसूण, कांदा आणि सगळ्यात शेवटी कापी. मिक्सरला पाणी लागतं, आणि पाणी शिरलं की वाटण परतलं न जाता शिजतं. घरी पाटा-वरवंटा असेल तर त्याच्यासारखं दुसरं काही नाही. तिथून दगडी खल उचलून आणण्याची गरजच नाही.

आता खरी गोष्ट. आपल्या स्वयंपाकघरात नारळाचं दूध फुटू नये म्हणून केवढी काळजी घेतात! कालवणात ते शेवटी घालायचं, उकळी येऊ द्यायची नाही. या करीत ते आधी मुद्दाम फोडायचं असतं. पसरट कढईत २०० मिली जाड दूध मध्यम आचेवर ठेवून ढवळत राहा. सुरुवातीला पाणीदार, भराभर फुटणारे बुडबुडे येतात. सहा-आठ मिनिटांत ते जड, संथ होतात, आवाज तडतडीकडे झुकतो आणि कडेला काचेसारखं तेल दिसू लागतं. त्या तेलात ४ मोठे चमचे वाटण घाला आणि उग्र वास जाईपर्यंत चार-पाच मिनिटं परता. तेल सुटायच्या आधी वाटण टाकलं तर करी कच्ची आणि चुन्यासारखी लागते, मग कितीही उकळा.

खोक्यातल्या दुधात बहुतेक वेळा ते फुटू नये म्हणून स्थिर ठेवणारे पदार्थ घातलेले असतात, म्हणून ते बहुधा फुटतच नाही. लेबल वाचा. तसं दूध असेल तर २ मोठे चमचे खाण्याच्या खोबरेल तेलात वाटण परता. ओल्या नारळाचं दूध काढत असाल तर कोमट पाणी कमीत कमी घाला आणि अर्धा तास ठेवून वर आलेला जाड थर घ्या.

पुढचं सोपं आहे. ४०० ग्रॅम चिकन दोन मिनिटं परतून ४०० मिली पातळ दूध, दहा मिनिटांनी चिरलेली हिरवी गोल वांगी (चिरल्यावर मिठाच्या पाण्यात ठेवा, नाहीतर काळी पडतात), दीड मोठा चमचा फिश सॉस, २ छोटे चमचे माडाचा गूळ, मकरूट लिंबाची (खडबडीत सालीचं थाई लिंबू) ४-५ पानं फाडून. जास्त वेळ उकळली तर करीचा हिरवा रंग खाकी होतो.

दादर किंवा क्रॉफर्ड मार्केटात सामान घेताना दोन गोष्टी पाहा. चहासाठी विकतात ती गवती चहाची पाती वाटणात दोऱ्यासारखी राहतात. बुडाचा पांढरा, जाड भाग असलेली जुडी मागा. कोथिंबीरही मुळांसकट घ्या, भाजीवाला ती कापून टाकायच्या आत. तुळस मात्र घरची नको. आपल्या तुळशीला तिथे क्रपाव म्हणतात, तिचा पदार्थ वेगळा. या करीला होरफा लागते, आणि ती सब्जाच्या जातकुळीतली. कुंडीत सब्जा लावलेला असेल तर त्याची मूठभर पानं गॅस बंद केल्यावर घाला.

शाकाहारी मुलांनी ‘भाजीची करी’ एवढंच मागू नये, वाटणात कापी असतेच. ‘जे’ हा थाई शब्द वापरा. ‘जे’ जेवणात मांस-मासळी नसते, शिवाय लसूण-कांदाही नसतो, त्यामुळे जैन मुलांना त्याचा उपयोग होतो. वाटणात कुलंजनासारखी कंदमुळं राहतात, तेवढं त्यांनी आधी विचारून घ्यावं. घरी कापीऐवजी आंबवलेल्या सोयाबीनची खारट पेस्ट आणि फिश सॉसऐवजी पातळ सोया सॉस घाला, पण मीठ अर्धंच टाका.