सुट्टे नाहीत

शुक्रवार, रात्री साडेअकरा. बायरन बे, ऑस्ट्रेलिया.

झोप येत नाहीये. मनू केव्हाचाच घोरतोय.

सकाळी मलमबिंबीच्या शेतकरी बाजारात गेलो. इथले लोक गावाला नुसतं 'मलम' म्हणतात. मी गाडीत एकटीच हसत होते, मनूला त्यातली गंमत समजावून सांगावी लागली. बाजारात ओली हळद दिसली, नुकती काढलेली, लाल माती चिकटलेली. जुलै म्हणजे इथला हिवाळा. विकणारी बाई सत्तरीच्या पुढची, पांढरी वेणी, पायात काही नाही. कुठल्या तुम्ही, म्हणाली. पुणे म्हटल्याबरोबर पिवळ्या नखांचा हात हवेत उडवून थेट आपल्या रिक्षावाल्यांच्या ठसक्यात म्हणाली, "सुट्टे नाहीत!"

१९७८ साली सात महिने रजनीशांच्या आश्रमात होती म्हणे. मराठी तेवढंच उरलंय, दोन शब्द. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. मीही हसले, तिच्यापेक्षा जोरात. तेच टोचतंय मघापासून.

स्टेशन ते कोरेगाव पार्क. भगवी कफनी आणि गळ्यात ती माळ दिसली की बाबा मीटर टाकायचेच नाहीत. रात्री जेवताना नकला करायचे. गोरा पाशिंजर खिसे कसे चाचपतो, नोट कशी पुढे करतो, मग हे कसे दोन्ही हात वर करतात. आम्ही लोळायचो हसून. आई हसायची नाही, पण ते जाऊ दे.

तिच्या रिक्षात बाबाच असतील असं थोडंच आहे? शेकडो रिक्षा होत्या. तरी मी हे स्वतःला दहादा का सांगतेय? "तुम्हा लोकांना आम्ही कसे वाटायचो?" असंही विचारलं तिने. मी म्हटलं, छान. छान! वडील काय करायचे, हे तिने विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं, तेही मला माहीत आहे. शाळेपासून तेच सांगत आलेय. एवढा समुद्र ओलांडून आले, म्हटलं इथे तरी कुणी ओळखणार नाही, तर इथेही हळदीच्या ढिगामागून बाबांची रिक्षा निघाली.

काल निंबिनला गेलो होतो. दुधाचा धंदा बसल्यावर ओस पडत चाललेलं गाव. १९७३च्या मे महिन्यात विद्यार्थ्यांनी तिथे दहा दिवस अक्वेरियस नावाचा हिप्पी महोत्सव भरवला आणि आलेल्यांतले बरेच जण परत गेलेच नाहीत. दुकानांच्या भिंतींवर अजून इंद्रधनुष्यं. एका पोराने जवळ येऊन हळूच विचारलं, काही हवंय का? मी म्हटलं, नको, आत्ताच जेवलोय. मनू लाजून लाल. मला मात्र मजा वाटत होती, त्या जटांची, अनवाणी पायांची. आता कळतंय, मी ते सगळं रिक्षाच्या आरशातून बघत होते.

संध्याकाळी दीपगृहाशी थांबलो. लांबवर हंपबॅक देवमाशांचे फवारे दिसले, उत्तरेकडे चाललेले. याच गावात १९५४ ते १९६२ देवमासे मारून आणून कापायचे. आता ते दाखवायला बोटी नेतात, तिकीट लावून. आधी लोणी, मग मासे, मग हिप्पी आले, आणि आता हिप्पींसारखे दिसणारे कपडे, ज्यांच्या किमती बघून मी दुकानातून पाय न वाजवता बाहेर पडले. बाबांना हे गाव एका फेरीत कळलं असतं. पाशिंजर बदलतो, आपण स्टँडवर उभं राहायचं. आणि सकाळच्या त्या एका कॉफीचे जे पैसे घेतले, त्यात बाबांचा सगळा हिशोब व्याजासकट चुकता झाला असणार.

हळद साडेसहा डॉलरची. मी दहाची नोट दिली, तर बाईने माझ्या तळहातावर एकेक नाणं मोजून ठेवलं. दोन डॉलरचं, ते एकच्या नाण्यापेक्षा लहान. मग एकचं. मग पन्नास सेंटचं, बारा कोनांचं. शेवटी माझी मूठ स्वतःच्या हाताने मिटली. नाण्यांना हळद लागली होती.

दीपगृहावरून गावात परतलो तेव्हा पार्किंगच्या मशीनपाशी मनू म्हणाला, "आई, सुट्टे आहेत का गं?"

पर्समध्ये साडेतीन डॉलर होते. मी म्हटलं, नाहीत.