चौथी सीट: ठाण्याहून पारसिक हिल आणि परत

ध्यानाला कुठे बसायचं असं विचारलं की ठाण्यातला माणूस येऊरचं नाव घेतो. उपवन तलावाच्या बाजूने वर चढणारा रस्ता, राष्ट्रीय उद्यानाचं जंगल, आदिवासी पाडे, पावसाळ्यातले ओढे. नाव घ्यावं अशीच जागा आहे. पण रविवारी जाऊ नका. चढावर गाड्यांची रांग लागते, मागून हॉर्न वाजतात, अंधार पडला की खेळाच्या टर्फ मैदानांचे दिवे आणि हॉटेलांचे स्पीकर सुरू होतात. ज्ञानेश्वर महाराजांनी सहाव्या अध्यायात अभ्यासाची जागा कशी असावी ते सांगितलंय: तिथे एकदा बसलं की उठावंसं वाटू नये. येऊरला सुट्टीच्या दिवशी मुळात बसावंसंच वाटत नाही, आणि याचं मला फार वाईट वाटतं. आपण शांतता शोधायला जातो आणि पाड्यातल्या लोकांची शांतता घालवून येतो.

म्हणून मी सुचवते तो प्रवास उलट्या दिशेचा आहे. ठाण्याला नऊ-दहा नंबरच्या फलाटावरून पनवेल लोकल, सीवूड्स-दारावे स्टेशन, तिथून रिक्षाने पारसिक हिल. बेलापूरच्या या टेकडीवर धम्म विपुल हे विपश्यना केंद्र आहे. जुन्या साधकांसाठी तिथे एक दिवसाची शिबिरं होतात. जुना साधक म्हणजे याच, म्हणजे सत्यनारायण गोएंकांच्या परंपरेतलं दहा दिवसांचं शिबिर पूर्ण केलेला माणूस. नवीन माणसाला एक दिवसाच्या शिबिरात घेत नाहीत. कुणाला ही अट जाचक वाटते, मला ती योग्य वाटते. मोठ्या शिबिरात पहिले तीन दिवस फक्त श्वास पाहायचा असतो आणि चौथ्या दिवशी विपश्यना, म्हणजे अंगावरच्या संवेदना पाहण्याची पद्धत, दिली जाते. तो पाया नसेल तर एका दिवसात हाती येतो तो फक्त पायांचा ठणका.

सत्यनारायण गोएंका मूळचे म्यानमारमधल्या मंडालेचे, जन्म 1924 चा. तिथले ध्यानगुरू सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे शिकून ते 1969 मध्ये भारतात आले आणि 1976 पासून इगतपुरीचं धम्मगिरी हे केंद्र उभं राहिलं. शिबिरांना फी नसते. शिबिर पूर्ण केलेल्यांच्या दानावर पुढच्यांचा खर्च चालतो. अंगावरच्या संवेदना पाहण्याचा विधी मी इथे लिहिणार नाही, तो शिबिरातच घ्यावा. आनापान, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे लक्ष ठेवणं, याबद्दल मात्र मोकळेपणाने बोलता येतं. आणि त्याची तयारी लोकलमध्येच सुरू करता येते.

त्यासाठी सीट निवडताना खिडकीचा मोह सोडायचा. खिडकीतून येणारा वारा आणि डोक्यावरचा पंखा, दोन्ही वरच्या ओठावर आदळतात. नेमकी तीच जागा आपल्याला हवी असते: नाकपुड्यांच्या कडा आणि नाकाखाली, वरच्या ओठाच्या वर असलेला छोटा भाग. बाहेरचा वारा लागत असेल तर श्वासाचा स्पर्श कळत नाही आणि माणूस तो कळावा म्हणून जोरजोरात श्वास घेऊ लागतो. दोन-चार श्वास मुद्दाम थोडे जोरात घ्यायला हरकत नाही, मग मात्र सोडून द्यायचं. तसंच चालू ठेवलं तर डोकं हलकं होतं, बोटांना मुंग्या येतात. लोकांना तो ध्यानाचा अनुभव वाटतो, पण रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी झाल्याचा तो परिणाम असतो. श्वास जसा आहे तसा राहू द्यायचा. उथळ असेल तर उथळ, डावीकडून जास्त येत असेल तर डावीकडून. चार मोजून आत, सहा मोजून बाहेर, हा प्राणायाम झाला. तो चांगला आहे, सावकाश उच्छ्वासाने हृदयाची गती मंदावते हे खरं आहे, पण ते काम वेगळं. एका बैठकीत दोन्हीची सरमिसळ केली की एकही धड होत नाही.

पर्स मांडीवर, हात पर्सवर, पाठ टेकवलेली नाही पण ताठरही नाही, नजर समोरच्या सीटखाली. डोळे पूर्ण मिटायची गरज नाही. रात्री उशिरा रिकाम्या डब्यात तर अजिबात मिटू नका. ठाण्यापुढे दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, जुईनगर, नेरुळ आणि मग सीवूड्स: नऊ स्टेशनं. 'पुढील स्टेशन' अशी घोषणा झाली की एवढंच बघायचं, मन आत्ता कुठे होतं? श्वासावर होतं, ऑफिसात होतं की कालच्या भांडणात? उत्तर काहीही असो, परत श्वासावर यायचं. नऊपैकी आठ वेळा मन बाहेर सापडलं तरी बैठक वाया गेली असं नाही. सापडलं, हेच काम. पावसाळ्यात नाक चोंदलेलं असेल तर निघण्याआधी वाफ घ्या. तोंडाने श्वास घेत आनापान नीट होत नाही.

(चालता चालता ध्यान करायचं असेल तर पाऊल उचलणं, पुढे नेणं, टेकवणं अशी नोंद ठेवायची पद्धत म्यानमारचे भिक्खू महासी सयाडो यांच्या परंपरेतली आहे. ठाण्यात कचराळी तलावाच्या ट्रॅकवर ती भल्या पहाटे करता येते. गर्दीच्या वेळी मागचे धक्का देतात, तेव्हा फक्त तळव्याचा स्पर्श, डावा-उजवा, एवढंच ठेवावं. शिबिराच्या दिवशी मात्र दोन पद्धती एकत्र करू नका.)

शिबिराचा दिवस म्हणजे मोबाइल जमा, मौन, बैठका, साधं जेवण. त्यातली अधिष्ठानाची बैठक तासाभराची असते: हात-पाय न हलवण्याचा आणि डोळे न उघडण्याचा निश्चय करून बसायचं. दहा दिवसांच्या शिबिरात विपश्यना दिल्यानंतर ही बैठक रोज तीनदा असते. इथे बसण्याची रचना चुकली तर पुढचं सगळं चुकतं, म्हणून जरा सविस्तर सांगते. खुबा गुडघ्यांपेक्षा वर हवा. त्यासाठी चार ते सहा इंच जाडीची घट्ट उशी लागते. मऊ उशी वीस मिनिटांत दबते आणि कंबर मागे गोल होते. दोन्ही गुडघे जमिनीला टेकले पाहिजेत, एखादा अधांतरी राहत असेल तर त्याखाली घडी घातलेला टॉवेल द्या. अधांतरी गुडघ्याचं वजन मांडीचे आणि कमरेचे स्नायू तासभर तोलत बसतात, आणि दुखणं तिथून सुरू होतं. पद्मासनाचा हट्ट नको, साधी मांडी पुरते. गुडघ्याचं ऑपरेशन झालं असेल तर सरळ खुर्ची मागून घ्या: तळवे जमिनीवर सपाट, पाठ शक्यतो न टेकवता.

पायाला मुंग्या येतात त्या बहुतेक वेळा नसेवर दाब आल्यामुळे, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूने जाणारी नस दबते. लोक घाबरतात की रक्त थांबलं. दाब निघाला की काही मिनिटांत पाय पूर्ववत होतो, पण घंटा वाजताच उठायचं नाही. पाय लांब करून घोटे फिरवायचे, बोटं हलवायची, बधिरपणा गेला की मगच उभं राहायचं. बधिर पायावर उभं राहून घोटा मुरगळतो. गुडघ्याच्या आत टोचल्यासारखी तीव्र कळ आली तर मात्र निश्चय मोडून पाय बदला. सहन करायची ती आसनातली अस्वस्थता. सांध्याची इजा सहन करायची नसते, आणि केंद्रातले आचार्यही ती सहन करा असं म्हणत नाहीत. जेवणानंतर झोप येते. तेव्हा डोळ्यांवर पाणी मारून या, काही श्वास जरा जोरात घ्या, तरी झापड आली तर मिनिटभर उभे राहा.

या तासात नेमकं काय शिकायला मिळतं? नाकावर खाज उठते. हात उचलावासा वाटतो. आपण उचलत नाही. खाज वाढते, शिगेला जाते, आणि मग आपण काही न करता ओसरते. दरवेळी ओसरते. संवेदना आणि तिला दिलेलं उत्तर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे वाचून कळतं, पण अंगात भिनायला असे पुष्कळ तास लागतात.

आता परतीचा प्रवास, ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं. संध्याकाळी सीवूड्सला बायकांच्या डब्यात चढलं की बसायला मिळतं. तुर्भ्याला गर्दी शिरते. तिघींच्या बाकासमोर एक दमलेली बाई उभी राहते, बाकाच्या कडेला हात ठेवते आणि म्हणते, "थोडं सरकता का?"

मागितलेली असते चौथी सीट, म्हणजे बाकाची जेमतेम अर्धी कड. हा प्रश्न कानावर पडल्यापासून उत्तर तोंडातून बाहेर पडेपर्यंत दीड-दोन सेकंद जातात. तेवढ्यात काय काय होतं ते पाहण्यासारखं असतं. श्वास मध्येच अडकतो. जबडा आवळतो. ज्या बाजूने ती बसणार त्या बाजूचा खांदा वर जातो, कोपर किंचित बाहेर येतं. कानाच्या पाळ्या गरम होतात. "आहे कुठे जागा?" हे वाक्य तयार होऊन ओठांवर येतं ते या सगळ्यानंतर! राग आधी शरीरात येतो, कारणं मागून जमतात. एरवी आपल्याला फक्त कारणं दिसतात: मी दिवसभर दमलेय, हिची पर्स केवढी, आधीच तिघी बसल्यात. सगळी खरी असतात, म्हणून तर ती पटतात.

शिबिराहून परतताना मात्र जबडा आवळलेला लगेच कळतो, कारण दिवसभर दुसरं काही केलेलंच नसतं. कळला की एक श्वास पूर्ण बाहेर जाऊ द्यायचा. खांदा मुद्दाम खाली आणायचा नाही, वर गेलाय एवढं नुसतं पाहायचं, तो आपोआप उतरतो. मग उत्तर द्यायचं. सरकायचं तर सरकायचं. स्वतःची कंबर दुखत असेल तर "ताई, आज जमणार नाही, मला ऐरोलीला उतरायचंय, तिथे बसा" असं सरळ सांगायचं. नाही म्हणायलाही हरकत नसते. फरक एवढाच, की ते नाही कानाच्या गरम पाळ्यांनी म्हटलेलं नसतं. ध्यान करणारी माणसं सगळ्यांना होकार देतात हा समज मला फार घातक वाटतो. त्याने विशेषतः घरातल्या बायकांवर आणखी एक ओझं पडतं.

प्रगती मोजायची तर इथे मोजावी. बैठकीत प्रकाश दिसला का, अंगभर संवेदनांची धारा वाहिली का, हे विचारत बसलं की माणूस त्या अनुभवाच्या मागे लागतो आणि तो आला नाही की खट्टू होतो. राग येणं थांबत नाही, त्याचा मुक्काम कमी होतो. पूर्वी तुर्भ्याला चढलेला राग ठाण्याला आपल्याबरोबर उतरून घरापर्यंत यायचा, तो कोपरखैरण्यालाच उतरू लागला तर साधना रुजतेय असं खुशाल समजा.

रविवारी निघणार असाल तर आदल्या दिवशी मेगाब्लॉक पाहून घ्या, पनवेल-ठाणे गाड्या दुपारी बंद असू शकतात. एक दिवसाच्या शिबिरालाही आधी नाव नोंदवावं लागतं. आणि दहा दिवसांचा अर्ज भरत असाल तर मानसिक आजार आणि चालू औषधांविषयीच्या प्रश्नांची खरी उत्तरं द्या. पहाटे चारला उठणं, दिवसाला दहाएक तास बैठका आणि मौन हे दुखावलेल्या मनाला त्या वेळी झेपेलच असं नाही. काहींची झोप उडते, जुनी भीती उसळून येते. नैराश्यावर किंवा इतर कशावर उपचार चालू असतील तर आधी डॉक्टरांशी बोला. गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका, शिबिरासाठी तर नाहीच. अर्ज नाकारला गेला तर तो अपमान समजू नका. तोवर रोज सकाळी घरीच दहा मिनिटं आनापान करा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून.