तुम्ही विचारलंत म्हणून: तो बेड देवाने दिला का?

मला दोन प्रकारची माणसं गाठतात. भजनी मंडळातल्या बायका म्हणतात, "ताई, माउलींनी तुमच्या भावाला कसं वाचवलं, तो अनुभव सांगा ना एकदा." आणि भाचरं विचारतात, "एवढं सगळं डोळ्यांनी बघून तू अजून वारीला जातेस कशी?" दोघांनाही आजवर हसून टाळलं. आता टाळायचाही कंटाळा आलाय.

कोरोनाची दुसरी लाट कशी होती ते सांगत बसत नाही, सगळ्यांनी भोगलीय. एप्रिल २०२१. नाशिकला महापालिकेच्या रुग्णालयात ऑक्सिजनची टाकी गळून २० हून जास्त रुग्ण गेले, तोच आठवडा. भावाच्या फुप्फुसांच्या स्कॅनचा (एचआरसीटी) स्कोअर २५ पैकी १८. त्याला भाड्याच्या सिलिंडरवर गाडीत झोपवून मी एका हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये रात्र काढली. तिथे माझ्याच वयाची एक बाई चटई टाकून बसली होती. तिचे यजमान आत होते. गळ्यात तुळशीची माळ, म्हणून बोलणं सुरू झालं. कुठली दिंडी, कितवी वारी, असलंच.

पहाटे आतून तिला हाक आली. ती गेली आणि थोड्या वेळाने परत येऊन चटईवर बसली. रडली नाही. मग आम्हाला हाक आली: "बेड झालाय, आधार कार्ड घेऊन या." कुठला बेड झाला ते मला कळलं. तिलाही कळलं. मी तिच्याकडे बघायचं टाळून कागद गोळा करत होते, तर तीच उठून आली. हातात एक्स्टेन्शन बोर्ड. म्हणाली, "हा आत पाठवा. त्या बेडला प्लग लांब पडतो, मोबाइलची वायर पुरत नाही. आणि रात्रपाळीचा वॉर्डबॉय आहे ना, त्याला मामा म्हणा, तो निरोप नेतो. आमच्यांना त्यानंच चमच्यानं पाणी पाजलं."

यजमानांचा देह तिच्या ताब्यात मिळणार नव्हता. महापालिकेची माणसं परस्पर नेणार होती. ती त्या गाडीची वाट बघत होती, आणि वाट बघता बघता हे मला सांगत होती.

भाऊ वाचला. तर बायांनो, तो बेड माउलींनी दिला असं मी कुठल्या तोंडाने म्हणू? दिला तर कुणाकडून काढून घेतला? पांडुरंगाला तिने काय कमी आळवलं असेल? मंडळात उभं राहून मी अनुभव सांगायचा आणि तीच पुढे ऐकायला बसलेली असायची, ही कल्पनाच मला सोसत नाही. कुणी लगेच तुकोबांचं "बरे झाले देवा, निघाले दिवाळे" ऐकवतं. तुकोबांनी म्हणावं. १६३० च्या आसपासच्या दुष्काळात त्यांची बायको अन्न अन्न करत गेली, ते स्वतःच्या घराबद्दल बोलत होते. दुसऱ्याच्या दारात प्रेत असताना म्हणायची ती ओळ नव्हे. आणि त्याच गाथेत "माझे लेखी देव मेला" असंही आहे, ते बरं कुणी ऐकवत नाही!

मग भाच्याला वाटतं मी त्याच्या बाजूची. तेही नाही. तो म्हणतो, "मावशी, ती बाई चांगली होती, विषय संपला. देव कशाला मध्ये आणतेस?" असेल बाबा. पण मी स्वतःला ओळखते. तिच्या जागी मी असते तर त्या बेडवर जाणाऱ्या माणसाचं तोंडही बघितलं नसतं. नवरा जाऊन तास झाला नव्हता, तेवढ्यात ते तिच्यात कुठून आलं, याला माझ्याकडे पांडुरंग सोडून दुसरं नाव नाही. पुरावा मागशील तर नाही.

खरी अडचण माझी मलाच आहे. "तो करतो ते भल्यासाठीच" असं मी वर्षानुवर्षं म्हणत आले. ती जुनी मी अजून गप्प बसत नाही. विचारते, बेडमध्ये तो नाही आणि बोर्डात आहे? सोयीचं तेवढं निवडून घेतेस होय? एक तर सगळ्यात आहे म्हण, नाहीतर कशातच नाही म्हण. यावर मी आजतागायत निरुत्तर आहे. मंदिर बंद, पादुका एसटीने पंढरपूरला, तेव्हाही ती जुनी मी शांत होती. मला तसं शांत होता येत नाही. तरी आषाढ जवळ आला की मी पिशवी भरायला घेते.

२०२२ ला वारी परत पायी सुरू झाली, तेव्हा भाऊ पहिल्यांदा दिंडीत आला. दिवेघाटात त्याला धाप लागत होती, पण मुक्कामाला पोचलो की कुणी ना कुणी समोर बसवून हा सुरू, "बेड माउलींनी दिला." मी हंडा घेऊन टँकरकडे निघून जायची. सासवडला राहवलं नाही. म्हटलं, "आणि तिच्या यजमानांचं काय रे?" तर म्हणतो, "त्यांचं मी कसं सांगू? मी माझं सांगतोय."

यंदाही एकाच दिंडीत आहोत. भांडण तिथूनच पुढे सुरू होणार.