रूळ झाकायचा नाही

मॅसॅच्युसेट्समधल्या एका फ्रेमिंगच्या दुकानात मी बारा वर्षं माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, कापतोय. गेल्या ऑक्टोबरात एक आजी जुन्या साप्ताहिकाचं मुखपृष्ठ घेऊन आल्या. 'सॅटर्डे इव्हिनिंग पोस्ट', 25 सप्टेंबर 1954. त्यावर अमेरिकन चित्रकार नॉर्मन रॉकवेलचं 'ब्रेकिंग होम टाइज' हे चित्र. खालची कड फाटलेली, वर मधासारखी पिवळी पडलेली सेलोटेप.

"खालून बोटभर माउंटखाली घाला," त्या म्हणाल्या, "फाटकं दिसायला नको. जुना कागद तर आहे."

मी पट्टी लावली आणि हात थांबला. जुन्या ट्रकच्या फूटबोर्डवर बापलेक बसलेत. मुलगा कॉलेजला निघालाय, नवा सूट, मान ताठ, डोळे आगगाडीच्या वाटेकडे. बाप वाकलेला, दोघांच्या हॅट हातात धरून भलतीकडेच बघतोय. कुत्र्यानं मुलाच्या मांडीवर डोकं टेकलंय. आणि खालच्या कोपऱ्यात रुळाचा एवढासा तुकडा. चित्रात गाडी कुठेच नाही, ती येणार हे तो तुकडा सांगतो. रॉकवेलचे स्वतःचे तीन मुलगे त्याच सुमारास घर सोडून निघाले होते. नेमका तोच तुकडा मी झाकणार होतो!

मग आजींना बसवून मूळ चित्राची हकीकत सांगितली. व्यंगचित्रकार डॉन ट्रॅक्टी यांनी ते 1960 मध्ये 900 डॉलरला घेतलं. पुढे गुपचूप हुबेहूब नक्कल केली आणि अस्सल चित्र व्हरमाँटच्या घरात लाकडी भिंतीमागे दडवलं. 2003 पासून स्टॉकब्रिजच्या रॉकवेल संग्रहालयात लोक बघत होते ती नक्कल. जाणकारांना छापील मुखपृष्ठाशी ताडताना मुलाचा चेहरा आणि रंग खटकत होते, पण दोष गेला जुन्या डागडुजीवर. 2005 मध्ये ट्रॅक्टी वारले. पुढच्या मार्चमध्ये मुलांना भिंतीत फट दिसली, फळी सरकवली, तर मागे अस्सल चित्र. त्याच नोव्हेंबरात लिलावात ते 1 कोटी 54 लाख डॉलरला गेलं.

"म्हणजे इतकी वर्षं खरं बोलत होता तो हा कागद," मी म्हणालो. "याला मी कापणार नाही, झाकणारही नाही."

जपानी कागदाच्या बिजागऱ्यांवर पान अधांतरी बसवलं, चारही कडा उघड्या. टेप तशीच ठेवली, ओढली असती तर शाई निघाली असती.

न्यायला आल्या तेव्हा आजींनी काचेला नाक लावलं.

"लहानपणापासून घरात होतं," त्या म्हणाल्या, "रूळ आज दिसला."