तुम्ही विचारलंत म्हणून: एवढं मोठं इंजिन कशाला?

मिशिगनमधल्या आमच्या गॅरेजात 1970 ची डॉज डार्ट उभी असते. पुण्या-मुंबईहून आलेले पाहुणे आधी ॲव्हरेज विचारतात. लिटरला सात-आठ, तेही हायवेला, असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "3.7 लिटरचं इंजिन आणि ताकद एवढीच? जर्मन लोक तेव्हा छोट्या इंजिनातून केवढं काढत होते! अमेरिकनांना जमत नव्हतं का?"

जमत होतं हो. तशी वेळच आली नव्हती त्यांच्यावर.

बीएमडब्ल्यू 2002 घ्या. ओव्हरहेड कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा इंजिनाच्या माथ्यावर), 2 लिटर, 100 अश्वशक्ती. डार्टच्या सहा सिलिंडरांची कागदावर 145, पण अमेरिकेत तेव्हा ताकद मोजायचे ती इंजिन बाहेर काढून, गाडीतला सायलेन्सर वगैरे न लावता. 1972 पासून सगळं अंगावर ठेवून मोजायला लागले, तर याच इंजिनाची 110 भरली. म्हणजे पावणेदोनपटीहून मोठं इंजिन आणि ताकद जेमतेम दहा टक्के जास्त. पाहुण्यांचं चुकत नाही.

पण कर बघा. ब्रिटनमध्ये कित्येक वर्षं सिलिंडरच्या व्यासावर कर होता, म्हणून तिथले इंजिनिअर बारीक, उंच सिलिंडर करत बसले. जपानात गाडी 4.7 मीटर लांबी, 1.7 मीटर रुंदी किंवा 2 लिटर इंजिन यांपैकी काहीही ओलांडून गेली की वरच्या वर्गात, आणि तेव्हा करही वरचा. अमेरिकेत असली आडकाठी नव्हती आणि साठच्या दशकात पेट्रोल गॅलनला तीस सेंटच्या आसपास. अशा ठिकाणी नाजूक कारागिरी करण्यापेक्षा थोडं जास्त बीड (ओतीव लोखंड) ओतणं स्वस्त पडतं. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात डॉज-प्लिमथही जुळवल्या जात आणि फियाट 1100 सुद्धा. मुंबईच्या टॅक्सीवाल्याने त्यातली कुठली धरली, ते तुम्ही पाहिलंच आहे.

त्या जास्तीच्या बीडातून काय मिळालं, ते बॉनेट उघडल्याशिवाय कळत नाही. बॉनेट खाली ठेवता यावं म्हणून हे इंजिन 30 अंशांनी कलतं बसवलंय. एका बाजूला मोकळी झालेली जागा इनटेकच्या लांब नळ्यांना मिळाली. टॅपेट सेट करायचे, म्हणजे व्हॉल्व्हपाशी ठेवायची बारीक फट जुळवायची, तर इंजिन गरम करून, चालू ठेवून. वरचं झाकण काढलं की तेल उडतं, रॉकर खालीवर नाचत असतात आणि त्यांच्यात फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) सरकवायचा: इनटेकला दहा थाऊ (इंचाचे हजारावे भाग), एक्झॉस्टला वीस. गेज किंचित अडकत सरकला की बरोबर. अर्धा तास, एक पाना, शर्टाचं वाटोळं. असं सावकाश फिरणारं इंजिन सहजासहजी झिजत नाही.

गिअरबॉक्सच्या बाबतीत तर हे लोक पुढेच होते. रोल्स-रॉइसने सिल्व्हर शॅडोला जनरल मोटर्सचा टर्बो-हायड्रामॅटिक 400 हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवला, यातच काय ते आलं.

ब्रेकची बाजू मात्र मी घेणार नाही. सित्रोएन डीएसला 1955 मध्ये पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक होते. अमेरिकेत साठच्या दशकात दीड-दोन टनांच्या बहुतेक गाड्या चारही चाकांना जुन्या पद्धतीचे ड्रम ब्रेक लावून धावत होत्या. सरळ, सपाट रस्त्यावर चालून जातं. लांब उतारावर ड्रम तापले की पेडल दाबत राहायचं आणि गाडी आपली चाललीय. तिथे पेट्रोल स्वस्त होतं ही सबब चालत नाही.

मग ऑक्टोबर 1973 मध्ये अरबांनी तेल रोखलं. धुराचे नियमही कडक होत होते. होंडा सिव्हिकच्या सीव्हीसीसी इंजिनाने ते कॅटॅलिटिक कन्व्हर्टरशिवाय (सायलेन्सरच्या वाटेवर धूर साफ करणाऱ्या डब्याशिवाय) पाळून दाखवले. आणि 1976 च्या कॅडिलॅक एल्डोराडोला होतं 8.2 लिटरचं इंजिन, ताकद 190. तिच्याबद्दल कुणी विचारलं, की मी चहा टाकायला आत जातो.